तव्यावरची चिवळ

येळवस चार दिवसांवर आली की आमच्या तालुक्याच्या वाशी गावच्या बाजारात हिरव्या भाज्यांचे ढीग लागतात. चुका, चाकवत, मेथी, हरभऱ्याचा कोवळा पाला, कांद्याची पात, तुरीच्या ओल्या शेंगा. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला आमच्या भागात घरात कुणी जेवत नाही. सगळं गाव रानात जातं, उभ्या ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, करून पूजा होते आणि मग भज्जीवर आडवा हात मारला जातो. भज्जी म्हणजे हिवाळ्यात रानात जे जे हिरवं मिळेल ते सगळं बेसन लावून एका पातेल्यात. बरोबर गाडग्यातली थंडगार आंबील. मला भज्जी जीव की प्राण होती. होती म्हणते, कारण गेल्या वर्षापासून भज्जीचं नाव काढलं की माझ्या पोटात दुखतं. डॉक्टरला दाखवावं असं काही नाही. मत्सराचं दुखणं आहे, आणि ते मला माझ्या एका विद्यार्थिनीमुळं लागलं आहे.

लिहून टाकलं बाई एकदाचं. अठ्ठावीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, विद्यार्थी पुढं गेले की शिक्षकाची छाती फुगते अशी भाषणं दर पाच सप्टेंबरला ठोकली. खोटं बोलत नव्हते. पोरं तलाठी झाली, फौजदार झाली, एक तर थेट जर्मनीला गेली, तेव्हा माझी छाती खरंच फुगली. पण ती सगळी माझ्या वाटेनं गेली नव्हती. रेणुका माझ्याच वाटेनं गेली, माझ्याच माहेरच्या रानात गेली आणि तिथून जे घेऊन गेली ते माझ्या ताटातलं होतं. अगदी शब्दशः ताटातलं.

माझं माहेर वाशीपासून पाऊण तासावर. दादाच्या रानाच्या वरच्या अंगाला मुरमाड माळ आहे आणि त्या माळावर दोन बैलगाड्या उभ्या राहतील एवढा एक खडक बारमाही गरम असतो. त्याला तवा म्हणतात. मधोमध फट आहे. फटीपाशी तळहात टेकवून दहापर्यंत आकडे म्हणून दाखवायचे, ही आमची लहानपणीची पैज. मी कधी सातच्या पुढं गेले नाही. कडेकडेनं मात्र जमीन नुसती कोमट. खालून ऊब येते एवढं सगळ्यांना ठाऊक, का येते ते कुणी विचारत नसे. वडिलांना एकदा विचारलं तर म्हणाले, "खाली चूल हाय," आणि बैलांना पाणी पाजायला निघून गेले.

या तव्याचा गावाला एक मोठा उपयोग आहे. ऐन थंडीत आमच्याकडं विरजण लागत नाही. रात्री लावलेलं दूध सकाळी तसंच, पातळ आणि मख्ख. आणि येळवशीला तर आंबिलीसाठी ताक हवंच. म्हणून त्या आठवड्यात बायका दुधाची गाडगी घेऊन सकाळीच तव्यावर येतात, फडकी बांधून खडकावर मांडतात आणि दुपार कलली की घट्ट दही घेऊन जातात. कुणाचं गाडगं फटीपासून किती अंतरावर ठेवायचं हे ठरवणार सोजरबाई. म्हशीचं दूध असेल तर वीतभर लांब, गाईचं असेल तर थोडं जवळ, शेळीचं असेल तर त्या आधी नाक मुरडणार आणि मग जागा दाखवणार. त्यांचं स्वतःचं रान नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात खुरपलं. पण तव्यावर त्यांचा शब्द चालतो. रेणुका त्यांची मुलगी.

आणि फटीच्या काठानं ती. लालसर देठ, जाडसर इवली पानं, जमिनीला पोट टेकून पसरलेली. आम्ही तिला चिवळ म्हणत होतो. चिवळ ही खरं तर उन्हाळ्यातली रानभाजी, हिवाळ्यात ती औषधालाही सापडत नाही. मग तव्यावर कशी? तर तव्यावर बारा महिने उन्हाळाच असतो, म्हणून. इतकं सोपं उत्तर हाताशी असताना पुढचा प्रश्न कोण विचारतो? येळवशीच्या आदल्या दिवशी सोजरबाई मूठ मूठ खुडून प्रत्येकीच्या गाडग्यावर ठेवायच्या. ती भज्जीत पडली की आंबूस चव यायची, जिभेच्या कडेला हलकी झिणझिणी. ती चव दुसऱ्या कुठल्या भज्जीला नाही, असं मी सासरी आल्यापासून सांगत आले. सगळ्यांना वाटायचं माहेरचं कौतुक चाललंय. कुणालाच ठाऊक नसलेली प्रजाती मी पन्नास वर्षं भाकरीबरोबर खात होते आणि वर कांदा मागत होते.

बारा वर्षांपूर्वीचा तो हिवाळा मला पुन्हा पुन्हा आठवतो. त्या वर्षी थंडी लवकर पडली होती. सकाळी फळ्यावर लिहिताना बोटं वळायची नाहीत. करडई बोचरी झाली होती, शाळूची कणसं दाटून आली होती, रस्त्याकडेला शेकोट्यांची राख पडलेली असायची आणि एसटीच्या काचेवर बोटानं नावं लिहिता यायची. शेवटच्या वर्षाची सहा पोरं घेऊन मी झाडं गोळा करायला माहेरच्या रानात गेले. तव्यावर पोचल्याबरोबर सगळ्यांनी चपला काढल्या आणि फतकल मारून बसले. उठायला कुणी तयार नाही. मी शाल गुंडाळून बसले होते, हातात दादाच्या घरचा चहा होता. काय सुख होतं महाराजा!

रेणुका तेवढी बसली नव्हती. ती फटीपाशी पालथी पडून भिंगातून बघत होती. ओढणीला माती, कोपर भाजून लाल.

"मॅडम," ती म्हणाली, "चिवळीच्या पानाच्या बगलेत पांढरे केस असतात ना? हिला न्हाईत."

मी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "तव्यावर बसलीय बाई ती. केस भाजून गेले असतील."

सगळी पोरं हसली. रेणुकाही हसली, पण जरा उशिरा. माझा विनोद मला इतका आवडला की पुढं दोन-तीन वर्षं मी तो वर्गात वापरला.

त्या पोरीनं तरीही ती खुडून आणली आणि दाबली. अशा रसाळ झाडांचं एक असतं. कागदात दाबण्याआधी त्यांना उकळत्या पाण्यातून काढावं लागतं, नाहीतर ती मरत नाहीत. वर्तमानपत्राच्या घडीत, लाकडी चौकटीच्या दाबाखाली पंधरा-पंधरा दिवस जगतात. मी हे वर्गात तीनदा सांगितलं होतं. रेणुकानं पाण्यातून काढलंच नाही. विसरली की जीव झाला नाही, देव जाणे. पंधरा दिवसांनी तिनं घडी उघडली तर देठ अजून हिरवे, आणि फुलाच्या जागी टोपणाच्या इवल्या डब्या पिकलेल्या. झाड तिनं जाड कागदावर, म्हणजे शीटवर, चिकटवलं आणि आतली बी कागदाच्या पुडीत घालून शीटच्या कोपऱ्याला लावली. खाली चिठ्ठीवर लिहिलं होतं, चिवळीसारखी दिसते, पण वेगळी वाटते. बी काळी, चकचकीत.

मी लाल पेन घेतलं. 'वेगळी वाटते' वर आडवी रेघ मारली. बाजूला ठळक अक्षरात लिहिलं, चिवळ. पाण्यातून न काढल्याबद्दल आणि नाव चुकल्याबद्दल दोन गुण कापले, सही केली, तारीख टाकली. पुडी उघडूनसुद्धा पाहिली नाही. पन्नास शीट तपासायच्या होत्या, बाहेर ऊन कोवळं होतं आणि मला घरी जाऊन हुरड्याची चटणी वाटायची होती.

मध्ये दहा वर्षं गेली. रेणुका पुण्याला एका संस्थेत संशोधन करायला लागली. दर येळवशीला गावी यायची, तव्यावर पालथी पडायची. मला वाटे, पोरीला सवय लागलीय. मग दोन वर्षांपूर्वी तिचा फोन आला.

"मॅडम, ती चिवळ न्हाय. म्या सगळं तपासलंय. साध्या कुंडीत लावली तर महिन्याभरात मरते, तव्याच्या मातीखाली ऊब दिली तरच जगते. जगात कुणी नोंदच केली न्हाय तिची." बोलता बोलता तिचा श्वास लागत होता. "माझी बीएस्सीची शीट असंल का हो कॉलेजच्या कपाटात? त्यात बी व्हती."

शीट होती. कपाटाची किल्ली माझ्याकडंच होती. दुसऱ्या दिवशी मी कपाट उघडलं, डांबरगोळ्यांचा वास नाकात गेला, आणि तिसऱ्या गठ्ठ्यात ती सापडली. माझी लाल रेघ जशीच्या तशी होती. अक्षर तर काय सुंदर! झाडं ओळखणाऱ्या लोकांत एक रीत असते. शीटवरची जुनी ओळख चुकली तरी ती कुणी फाडत नाही, खोडत नाही. नवा माणूस शेजारी नवी चिठ्ठी चिकटवतो आणि खाली आपली सही करतो. म्हणजे माझी चूक माझ्या सहीसकट, माझ्या मागंही तशीच राहणार, आणि देशोदेशीचे लोक तिचे फोटो बघणार. मी शीट पिशवीत घातली, घरी आणली, लोखंडी कपाटात साड्यांच्या घडीखाली सरकवली आणि रेणुकाला फोन लावला.

"वाळवीनं खाल्लं गं सगळं," मी म्हणाले.

"अरेरे," ती म्हणाली. मग माझीच समजूत काढायला लागली. "असू द्या मॅडम. तुम्ही तरी किती बघणार."

मागच्या वर्षी पावसाळ्यात तिचा लेख छापून आला. त्याआधी एक गोष्ट कबूल करते. मी वाट बघत होते. नवं झाड सापडलं की त्याच्या नावाचा दुसरा शब्द बहुतेक कुणाच्या तरी सन्मानार्थ असतो. गुरूच्या नावानं ठेवायची पद्धत आहे. माझं नाव कमल. घोळ आणि चिवळ ज्या वंशातल्या, त्याचं शास्त्रीय नाव पोर्टुलाका. भाकरी थापता थापता मी पुटपुटून पाहिलं होतं, पोर्टुलाका कमलाए. कानाला बरं वाटत होतं. नवऱ्यानं विचारलं, "काय मंत्र म्हणतेस?" मी म्हणाले, "काही नाही, भाकरी फुगत नाहीये."

नाव आलं ते पोर्टुलाका सोजराए. सोजरबाईंच्या नावानं. लेखाच्या शेवटी आभारात मी होते. जीप चालवणाऱ्याच्या खाली. आणि तिथंच एक वाक्य होतं, की सर्वांत जुना नमुना वाळवीनं नष्ट झाला, ही माहिती मॅडमनी दिली. माझं एकमेव संशोधन म्हणजे ती वाळवी.

हिवाळ्यात आमच्या कॉलेजनं मायलेकींचा सत्कार ठेवला. सूत्रसंचालन अर्थातच माझ्याकडं. सोजरबाई नवं कोरं हिरवं लुगडं नेसून खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, पाय जमिनीला पुरत नव्हते. प्राचार्यांनी बोला म्हटलं तर माईकपासून हातभर लांब उभ्या राहून म्हणाल्या, "मला काय ठावं. म्या तिथं दही लावते." टाळ्यांनी पत्रा हादरला. मी सगळ्यांत जोरात वाजवल्या, आणि मनात म्हणत होते, रान आमचं, पोरगी माझ्या हाताखालची, भाजी मी खाल्ली, आणि शाल यांना! मला लाज वाटत होती. पण लाज वाटली म्हणून मत्सर कमी होतो असं कुणी सांगत असेल तर त्याला मत्सर कधी झालेलाच नाही. दोघं एकाच घरात सुखानं नांदतात.

वर्षभर मी असं काय काय केलं ते मलाच ठाऊक. रेणुकाची बातमी असलेला पेपर शेंगा सोलायला घेतला. तिचा फोटो कुणी दाखवला की आधी चष्मा शोधला, मग सापडला नाही. कपाटातून साडी काढताना शीटचा कोपरा हाताला लागे, मी दुसरीच साडी नेसे. बाहेर पडताना गुलाबी नेसायची ठरवून जांभळी नेसले असं किती वेळा झालं.

आणि मग यंदा, याच महिन्याच्या सुरुवातीला, रेणुकाचा फोन आला. आवाज बसलेला. पुण्यातल्या कुणा मोठ्या सरांनी आक्षेप घेतला होता. त्यांचं म्हणणं, ही वेगळी प्रजाती वगैरे काही नाही. साधी चिवळच गरम जागी चार-दोन वर्षं वाढून बदललेली दिसते. दहा-बारा वर्षांपूर्वीही बी अशीच होती हे दाखवा, मग बोलू. आणि जुनी बी तर कुठंच नाही. "ते नावच रद्द करा म्हणतायत, मॅडम."

माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. खरं सांगते. तोंडानं "असं कसं म्हणतात गं" म्हणत होते आणि आत कुणीतरी उड्या मारत होतं. फोन ठेवून मी शिरा केला. केळं घालून, भरपूर तूप सोडून. नवरा म्हणाला, "आज काय विशेष?" मी म्हणाले, "उगीच. रवा शिल्लक होता." बारा वर्षांपूर्वी मीच खरी होते, पुण्याचे मोठे सरसुद्धा तेच म्हणतायत, या विचारानं मी दोन वाट्या खाल्ल्या. खाताना कपाट पाठीमागं होतं. मी मागं वळून पाहिलं नाही.

काल सकाळी विरजणासाठी दूध घेऊन माहेरी गेले. ही खोड अजून सुटलेली नाही. थंडी मी म्हणत होती. तव्यावर वीस-पंचवीस गाडगी मांडून झाली होती, फडक्यांवर दव होतं. सोजरबाई मधे उकिडव्या बसलेल्या. मला पाहून त्यांनी दोन गाडगी सरकवली आणि माझ्यासाठी नेहमीची जागा केली, सगळ्यांत चांगली.

"बसा बाई. पाय टेका, गार पडलं असतील."

मी बसले. खालून ऊब चढायला लागली. फटीच्या काठानं ती पसरली होती आणि तिच्या भोवतीनं आता दगडांचं एक वेटाळं घातलं होतं.

"खुडत न्हाय आता," सोजरबाई म्हणाल्या. "रेणू वरडती. एवढीच हाय म्हणती जगात." मग जरा वेळानं म्हणाल्या, "बाई, पोरगी लई रडली वो फोनवर."

"का?"

"त्या सायबाला कागद लिवून देनार हाय म्हणं. माजंच चुकलं म्हून."

"पण चुकलं कुठं तिचं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"म्या बी तेच म्हणलं. तर म्हणती, आई, मॅडम तवाच म्हणल्या व्हत्या, चिवळ हाय. मॅडमनी लाल पेनानं लिवलं व्हतं. मॅडम कशा चुकतील?" सोजरबाईंनी एका गाडग्याचं फडकं सारखं केलं. "तुमच्यावर लई इस्वास तिचा. माज्यापरीस तुमच्यावर."

मला त्या खडकावर बसवेना. बुडाखाली कोमट जमीन आणि मला चटका बसल्यासारखं झालं. पुण्याच्या सरांशी ती भांडली असती. भिंग लावून, कुंड्या मांडून, दहा वर्षांचं काम पुढं टाकून भांडली असती. पण माझ्या लाल रेघेशी तिला भांडता येत नव्हतं. बारा वर्षांपूर्वी चहा पिता पिता मी तिला हसले होते आणि ती अजून मलाच खरं मानत होती. मत्सर माझा, आणि त्याला खत घातलं जात होतं तिच्या विश्वासाचं. दही लागायची वाट न बघता मी उठले.

"गाडगं?" सोजरबाईंनी विचारलं.

"उद्या नेते."

घरी येऊन कपाट उघडलं. साड्या पलंगावर टाकल्या. शीट काढली आणि पहिल्यांदा, बारा वर्षांत पहिल्यांदा, ती पुडी उघडली. खसखशीपेक्षा बारीक बी. पांढऱ्या बशीत ओतून खिडकीपाशी नेली आणि भिंग लावलं. चिवळीची बी राखी आणि खडबडीत असते, हे मी कित्येक पिढ्यांना शिकवलं आहे. ही काळी होती. नुकतं तेल लावल्यासारखी चकचकीत. पोरीनं चिठ्ठीवर लिहिलं होतं तेच. आणखी एक लक्षात आलं, ही बी तव्यावर पिकलीच नव्हती. रेणुकानं ती उकळत्या पाण्यातून काढली नाही म्हणून कॉलेजच्या गारठलेल्या खोलीत, कागदाच्या घडीत पिकली होती. तरी तशीच काळी. ज्या चुकीसाठी मी एक गुण कापला होता, त्या चुकीमुळंच आज पुरावा शिल्लक होता.  मग बी मोजून नाही, पण एकही सांडू न देता परत पुडीत भरली.

आज येळवस. दादाच्या रानात कोप उभी आहे, पूजेच्या पाच दगडांना चुना लावला आहे, ज्वारी डोक्याच्या वर गेली आहे. घरची माणसं पूजेला लागली होती. रेणुका सकाळच्या गाडीनं आली होती आणि आईबरोबर तव्यावर बसली होती. डोळे सुजलेले. मला बघून उठायला लागली.

"बस," मी म्हणाले, आणि मोठ्या कागदी पाकिटातून शीट काढून तिच्या मांडीवर ठेवली.

तिनं पाहिलं. तिचं स्वतःचं अक्षर, माझी लाल रेघ, पुडी. पुडीवरून तिनं बोट फिरवलं.

"मॅडम, ही वाळवीनं खाल्ली म्हणाला व्हता ना?"

"वाळवी मीच," मी म्हणाले.

सोजरबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग लेकीकडं पाहिलं. त्यांना कितपत कळलं माहीत नाही. मी एवढंच पुढं म्हणाले, की मला तुझा मत्सर वाटतो, रेणुका, अजूनही वाटतोय, आत्ता या घटकेलाही वाटतोय, पण तू चुकली नाहीस. चुकले मी. बी बघ.

तिनं गळ्यातलं भिंग काढलं. तिनं पुडी उघडली, तसा मी वाऱ्याच्या बाजूनं पदर धरला. तिनं पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग भिंग बाजूला ठेवून मोठ्यानं रडली. मी रागाची वाट बघत होते. राग आलाही. डोळे पुसून म्हणाली, "दोन वर्षं, मॅडम. आन् हा म्हैनाभर झोप न्हाय मला." मी मान खाली घातली.  फटीतून ऊब येत होती.

शेवटी तीच म्हणाली, "आन् माझे दोन मार्क?"

"ते काय आता देता येत नाहीत."

"मंग चिठ्ठी लिवा." तिनं पिशवीतून एक कोरी चिठ्ठी आणि काळं पेन काढलं. "शेजारी नवी ओळख लावायची असती ना? पैली तुम्ही लिवली. दुसरी बी तुम्हीच लिवा. जुनी तशीच राहू द्या."

मी शेजारचं रिकामं पातेलं पालथं करून मांडीवर घेतलं आणि त्यावर चिठ्ठी ठेवली. पहिला शब्द लगेच लिहून झाला. दुसऱ्या शब्दाशी पेन थांबलं. वर्षभर जे नाव मी तोंडातून काढलं नव्हतं ते आता माझ्या अक्षरात लिहायचं होतं. पोटात तेच ओळखीचं दुखलं. लिहिलं. हळू लिहिलं, पण एकही अक्षर वाकडं येऊ दिलं नाही.

सोजरबाई वाकून बघत होत्या. त्यांना वाचता येत नाही.

"काय लिवलं, बाई?"

"तुमचं नाव."

"आन् तुमचं?"

"खाली. सही आहे."

"मंग ठीक हाय," त्या म्हणाल्या, आणि माझं कालचं गाडगं माझ्यापुढं सरकवलं. दही घट्ट लागलं होतं.

खालून दादानं हाक मारली. कोपीपाशी पंगत बसली होती. रेणुका शीट छातीशी धरून माझ्या पुढं चालत होती, माझ्याकडं वळून बघत नव्हती, पण वाटेत करडई आली तिथं थांबली आणि काटे माझ्या पदराला लागू नयेत म्हणून बाजूला दाबून धरले. ताटात भज्जी पडली. मी दोनदा मागून घेतली. चांगली झाली होती, फक्त आंबूसपणा जरा कमी होता.